मुश्ताकभाईंचे चोवीस लूम

श्रीलंकेच्या सहा दिवसांत मुश्ताकभाईंनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी अकरा नंबर होते. आमचे हे बारा नंबर. वडप्याच्या पाटलीणबाई सतरा आणि त्यांचे यजमान अठरा. विमानतळ असो, देऊळ असो की जेवणाचं टेबल, मुश्ताकभाई हात वर करून ओरडत, "सतरा नंबर बंद दिसतेय. कुठं गेली?" ज्यांच्यासमोर घरातल्या सुना मान वर करत नाहीत त्या पाटलीणबाई पदर सावरत धावत येत आणि सांगत, "हाय, हाय, चालू हाय."

भिवंडीच्या निजामपुऱ्यात मुश्ताकभाईंचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. चोवीस लूम. वडील गेल्यावर सोळाव्या वर्षी ते त्या खटखटाटात शिरले आणि साठी ओलांडून बाहेर आले. धंदा बसला, मुलांना त्यात रस नव्हता, लूम भंगारात गेले. दुसरा कुणी असता तर ओट्यावर बसून सरकारला नावं ठेवत राहिला असता. मुश्ताकभाईंनी टूर काढली. तीही अशा लोकांची, ज्यांनी जन्मात विमानात पाय ठेवलेला नाही. माणसं चोवीसच घ्यायची, कारण चोवीसच्या वर त्यांना हाजरीच घेता येत नाही. प्रत्येकाला एका जुन्या लूमचा नंबर मिळायचा, आणि तो उगाच नाही, स्वभाव बघून मिळायचा.

"अकरा नंबरचं काय सांगू बाई," ते मला म्हणाले, "आवाज जास्ती. पण कापड एकदम साफ."

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. माझं इतकं नेमकं मूल्यमापन आजवर कुठल्या साहेबानं केलं नव्हतं.

आता मी या टूरला का गेले, ते सांगायला हवं. आमचे हे अठ्ठावीस वर्षं भिवंडीतच लूमवर जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. मुश्ताकभाईंकडे नाही, दुसऱ्या कारखान्यात. लूमच्या आवाजानं ह्यांचे कान हळूहळू गेले. मशीन आणलं कानाचं, तर म्हणाले, "आवाज येतो, माणूस येत नाही," आणि ते कपाटात ठेवून दिलं. मी समोर उभी राहून सावकाश बोलले की ओठांवरून त्यांना कळतं. पण चार माणसं जमली की कुणाच्या ओठांकडे बघणार? हळूहळू लग्नं बंद झाली, बारशी बंद झाली, नाक्यावरचा चहा बंद झाला. चार वर्षं हे आणि भिंत. मी त्या भिंतीशी भांडलेही, पण भिंतच ती. मला एवढंच हवं होतं की ह्यांनी पुन्हा एकदा माणसांत बसावं आणि बसल्यासारखं बसावं. श्रीलंकेचं विचारलं तर आधी नाही म्हणाले. मग टूरच्या कागदावरचा हत्ती बघितला आणि म्हणाले, "चल. जनावरं काही विचारत नाहीत."

निघण्याआधी मुश्ताकभाईंनी आमची पाच रविवार तालीम घेतली. रिकाम्या कारखान्यात, जिथे लूम रोवल्याच्या खुणा फरशीवर अजून आहेत, तिथे चोवीस खुर्च्या मांडल्या. भंगारातून वाचवलेले लूमचे चामडी पट्टे त्या खुर्च्यांना बांधले. ते आमचे सीटबेल्ट. मुश्ताकभाई स्वतः वैमानिक, हवाईसुंदरी आणि इमिग्रेशनचे साहेब. टेबलामागे बसून ते दरडावत, "पर्पज ऑफ व्हिजिट?" आम्हाला त्यांनी तीन शब्द दिले होते. एलिफंट, टेम्पल, टी. "याच्यापुढं काय विचारला, तर हसायचा. हसणाऱ्याला कोण अडवत न्हाय." सरकता जिना शिकवायला ते आम्हाला ठाण्याच्या मॉलमध्ये घेऊन गेले आणि एकाच जिन्यावरून इतक्या वेळा वर-खाली फिरवलं की तिथला सिक्युरिटीवाला आमच्यामागून चालू लागला. पाटलीणबाई पहिल्या पायरीशी डोळे मिटून उभ्या राहिल्या, तेव्हा मुश्ताकभाईंचं ते ठरलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "आधी बघा, मग घाबरा."

गंमत अशी की हे वाक्य लागू पडतं. माणूस बघतो आणि घाबरायचं राहून जातं. विमान उडताना, समुद्र खाली दिसताना, कोलंबोच्या काउंटरवर त्या गोऱ्यागोमट्या मुलीसमोर, प्रत्येक वेळी मी आधी बघितलं. पाटलीणबाईंनी तर तिला तिन्ही शब्द एकदम सांगितले आणि वर हसल्या. तिनं हसत शिक्का मारला.

मुश्ताकभाई अखंड बोलत. प्रश्न तेच विचारत, उत्तर तेच देत. "बाई, भूक लागली? लागली. मग चला." मला वाटायचं, मालकी गेली तरी मालकाचा बाणा गेला नाही. सकाळी नाश्त्याला शेवयांसारखं काहीतरी आणि ओल्या नारळाची लाल चटणी आली की ते सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "आपलीच चीज हाय, फक्त नाव वेगळा." कँडीच्या मंदिरात जायला त्यांनी आम्हाला पांढरे कपडे आणायला सांगितलं होतं. हातात कमळं घेतलेल्या चोवीस पांढऱ्या भिवंडीकरांना त्यांनी रांगेत उभं केलं, चप्पल कुठे काढायची, नजर कुठे ठेवायची, पाठ कुणाकडे करायची नाही, सगळं समजावलं आणि स्वतः आमच्या चपलांपाशी बसून राहिले. कुणी आत बोलावलं तर म्हणाले, "कारखाना चालू असताना मालक दारात बरा."

मग आम्ही जंगलात गेलो. पहिल्या सकाळी सगळ्यांचे डोळे सुजलेले. भिवंडीकराला कारखान्यांच्या आवाजात झोपायची सवय, त्या शांततेत कुणाचा डोळा लागेल? पाटील तर म्हणाले की लाइट गेल्यासारखं वाटून ते सारखे दचकत होते. टवटवीत फक्त दोघं होते, आमचे हे आणि मुश्ताकभाई. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

आमच्या जीपमध्ये आम्ही दोघं, पाटील नवरा-बायको आणि पुढे चालकाशेजारी मुश्ताकभाई. चालकानं ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मुश्ताकभाईंनी मान डोलावली आणि आवाज खाली आणला. पण त्यांचा दबका आवाज म्हणजे आपला बाजारातला आवाज. मोर उडाले. हरणं पाठ फिरवून गेली. काठावरच्या मगरीनं तेवढे डोळे मिटून घेतले. शेवटी चालकानं जीप थांबवली आणि मोडक्या हिंदीत, फार अदबीनं म्हणाला, "साहब, आपका बात जानवर लोग सुन रहा है."

पाटलीणबाई मागून करवादल्या, "आता कुठला बिबट्या. गेला तो ऐकून." त्या बिबट्यासाठीच आल्या होत्या.

मुश्ताकभाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा गप्प बघितलं. जीप निघाली. थोड्या वेळानं ते मागे वळले आणि, सवयीनंच असेल, पंजा उताणा करून दोनदा हलवला. म्हणजे, सगळं चालू आहे ना?

लूमच्या आवाजात तोंडाचा उपयोग नसतो. कारखान्यातली माणसं हातांनी बोलतात. सुताची तार तुटली, गुंडाळलेल्या सुताचा बीम संपला, चहा आला, पाळी बदलली, सगळं हातांनी. आम्हा कुणाला ते कळेना. पण माझ्या शेजारी, चार वर्षं भिंतीकडे बघणारा माझा नवरा ताठ बसला. त्यानं पंजा पालथा करून उत्तर दिलं. मुश्ताकभाईंनी भुवया उंचावल्या. पुन्हा काही खूण केली. ह्यांनी पुन्हा उत्तर दिलं. त्यांची बोटं इतकी झरझर चालत होती की मी बघतच राहिले.

तासाभरानं ह्यांनी जीपचा दांडा घट्ट धरला. दोन हजार तारांमध्ये एक तुटलेली तार लोंबत असेल तर जॉबरला ती कारखान्याच्या दारातूनच दिसते. लांब एका झाडावर ह्यांना काहीतरी लोंबताना दिसलं होतं. ह्यांनी हवेत मिशीला पीळ दिला, बोट वर केलं आणि तळवा सावकाश खाली दाबला. मुश्ताकभाईंनी वर बघितलं आणि चालकाचा खांदा धरला. जीप थांबली. फांदीवर बिबट्या पसरला होता आणि त्याची शेपटी खाली सुटली होती.

त्या खुणेचा अर्थ मला नंतर कळला. लूमच्या भाषेत बिबट्या कुठून असणार? ह्यांनी जवळची खूण वापरली होती. "शेठ वर बसलाय, गुपचूप काम करा." चाळीस वर्षं मुश्ताकभाईंच्या पाठीमागे त्यांचे कामगार हीच खूण करत आले होते आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि हेही तसेच हसले.

पाटलीणबाई सांगतात की बिबट्या बराच वेळ बसला होता, जांभईही दिली. असेल. मी बिबट्याकडे पुरतं बघितलंच नाही. मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते. एवढ्यासाठी मी समुद्र ओलांडून आले होते आणि ते मला मिळालं होतं.

त्यानंतर दोघं थांबेचनात. बसमध्ये शेजारी, जेवताना समोरासमोर. शेवटच्या संध्याकाळी ढोलांचा नाच होता. आम्ही सगळे कानांवर हात ठेवून बसलो, आणि ही दोघं पहिल्या रांगेत, त्या दणदणाटात, घरी आल्यासारखी गप्पा मारत होती.

परत आल्यावर एका रात्री मी ह्यांना म्हटलं, "एवढा बोलका माणूस, पण तुमच्याशी कसा हातांनी बोलत बसतो. किती समजून घेतो."

"समजून काय घेतो? त्याला माझ्यापेक्षा कमी ऐकू येतं."

मला पटेना. हे म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच कळलं. तो माणसाच्या डोळ्यांत बघत नाही, ओठांकडे बघतो. नावं ओठांवर सारखीच दिसतात, नंबर बोटांनी दाखवता येतो. पाच-पाच तालमी घेतो, कारण परदेशात कुणी त्याला काही विचारायला नको. प्रश्न तोच, उत्तर तेच. समोरच्याला तोंड उघडायला वेळच देत नाही." मग म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. बहिऱ्याच्या मागं परक्या देशात कोण जाईल?"

मी त्या रात्रीपर्यंत ज्याला मालकाचा बाणा समजत होते, ते एका माणसाचं भय होतं, आणि मी शिक्षिका असून मला ते दिसलं नाही याची लाज वाटली. कारखाना बंद झाल्यापासून त्यांच्या घरात हातांची भाषा येणारं कुणी उरलं नव्हतं. मुलं चांगली आहेत, पण घाईत असतात. (हे सगळं लिहू का, असं मी मुश्ताकभाईंना विचारलं आहे. म्हणाले, "लिहा बाई. ज्याला यायचाय तो येईल. बिबट्या तर दाखवला ना?")

आता दर शुक्रवारी नमाजानंतर ते आमच्याकडे येतात. तासन्‌तास दोघं बसतात, घरात चिडीचूप, आणि मध्येच एकदम हशा. हे नाक्यावरही जायला लागले आहेत, मुश्ताकभाईंसोबत. मला फार वाटे की या माणसाचे आभार मानावेत, आणि मानावेत ते त्याच्या भाषेत. एकदा मी ह्यांना विचारलं, हातांनी आभार कसे मानतात?

ह्यांनी बराच विचार केला. "तशी खूण नाही," म्हणाले. "वेळ कुणाला होता?"

"मग कुणी मदत केली तर काय करायचात?"

"काही नाही. त्याच्या लूमवर जाऊन उभं राहायचं, तो पाणी पिऊन येईपर्यंत."

पुढच्या शुक्रवारी मुश्ताकभाई आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. टूरचे फोन घेणारी त्यांची सून नोकरीसाठी पुण्याला गेली होती. नव्या टूरला अजून निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बोलत असतानाच त्यांचा फोन थरथरला. त्यांनी तो हातात घेतला, अनोळखी नंबराकडे बघितलं, आणि नुसतेच बघत राहिले. मग बंद करायला अंगठा पुढे नेला.

मी तो फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "हां, बोला. मुश्ताकभाईंच्या टूरकडून बोलतेय. अंबाडीहून का? दोघी बहिणी? घाबरू नका, मीही पहिल्यांदाच गेले होते. सगळं शिकवतात."

मुश्ताकभाई माझ्या ओठांकडे बघत होते. मी त्यांना बोटांनी दोन दाखवले. ते उठले. मग आत स्वयंपाकघरात गेले, माठावरचा पेला उचलला आणि खुर्ची ओढून, घाई न करता, पाणी प्यायला बसले.