पावण्यांसमोर 'पिक अप'

घरी आलेल्या पावण्यांना तीन गोष्टी द्याव्याच लागतात: पाणी, चहा आणि पोरांचं इंग्रजी. पहिल्या दोन राहिल्या तर पावणं समजून घेतात.

कोल्हापुरात बापूसो चौगुल्यांच्या घरी हे तिसरं खातं नववीतल्या आदितीकडं होतं. बापूसोंनी लेकीला 'पिक अप' हे क्रियापद नेमून दिलं होतं. त्यामागं दूरदृष्टी होती. दारात त्यांची स्वतःची पिकअप गाडी उभी असल्यामुळं विषय कशाचा चाललाय एवढं तरी पावण्यांना कळायचं. शिवाय ह्या क्रियापदाला अर्थ भरपूर. साध्या 'ईट'ला एकच अर्थ; असलं क्रियापद घेऊन माणूस चारचौघांत जाणार कुठल्या तोंडानं?

त्या शनिवारी मुरगूडचे चुलतकाका पारस आणि स्वप्नालीकाकू आले. जैनाचं घर, जेवण सूर्य मावळायच्या आत. म्हणून इंग्रजीचा कार्यक्रम भर उन्हात सुरू झाला. नेमकी तेव्हाच शाळेत मुलींच्या फुटबॉल संघाची निवड होती. आदिती गोलकीपर. ड्रेसच्या सलवारीखाली तिनं गुडघ्यापर्यंतचे मोजे आधीच चढवले होते, आणि बोळात तिची मैत्रीण मेहक सायकल घेऊन थांबली होती.

"पप्पा, जाऊ? आज निवड हाय."

"अर्थ सांग आन् जा की. कोण धरलंय तुला?"

आदितीनं एका दमात सोडले: "वस्तू उचलणं, फोन उचलणं, कुणाला आणायला जाणं, येता येता विकत घेणं, ऐकून ऐकून भाषा शिकणं, रेडिओला स्टेशन लागणं, सर्दी लागणं, धंद्याला जोर येणं, पोलिसांनी धरून नेणं!"

(आणखी एक अर्थ पोरापोरींच्या ओळखीबद्दल आहे. तो पावण्यांसमोर वगळण्यात येतो. आदितीला सगळ्यात आधी तोच पाठ झाला होता.)

"नऊच?" पारसकाका म्हणाले. "आमच्या पोराचं, अनेकांतचं 'टेक ऑफ' बाराचं हाय."

"तेराचं," काकू म्हणाल्या. "काल क्लासात एक वाढलाय."

बापूसोंचा चेहरा भर बैठकीत उतरला. "बाळ, आठव की. आजून असतील."

"आदेऽऽ!" बोळातून मेहक ओरडली. "सरांनी शिट्टी मारली बघ!"

आदितीनं खोलीवर नजर फिरवली. इंग्रजी जाणणारी व्यक्ती तिथं एकच होती, आणि तिला घाई होती.

"दहा, आमटीत मीठ जास्त पडणं. अकरा, धार काढताना म्हशीनं लाथ मारणं. बारा, दुसऱ्याच्या लग्नात जेवून जेवणाला नावं ठेवणं. तेरा, निघतो निघतो म्हणत दारात तासभर उभं राहणं. चौदा, घाईतल्या पोरीला पावण्यांनी धरून ठेवणं!"

पारसकाका आदरानं सावरून बसले.

"बघा," ते हळूच म्हणाले, "इंग्रज किती बारीक इचार करतोय. आपल्यात ह्याला शब्दच न्हाय."

"पोरीनं नाव काढलं की हो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी मोबाईल काढला. "आता सगळं पुन्हा सांग बाळ, जरा सावकाश. अनेकांतला पाठवते."

आदितीनं सगळं पुन्हा, सावकाश सांगितलं. लाथ मारणारी म्हैस मध्येच विसरली, तेव्हा काकूंनीच आठवण करून दिली. मग पावणं निघाले आणि तेराव्या अर्थाप्रमाणं दारात उभे राहिले.

ती मैदानावर पोचली तेव्हा सर जाळी गुंडाळत होते आणि हातमोजे आठवीतल्या स्नेहलच्या हातात होते.

"सर, मी..."

"पुढच्या वर्षी," सर म्हणाले.

पुढं अनेकांतनं मुरगूडच्या क्लासातल्या परीक्षेत हे चौदाच्या चौदा अर्थ लिहिले. तिथल्या सरांनी सगळे बरोबर दिले. आमटीच्या अर्थापुढं 'व्हेरी गुड' असा शेराही मारला. बापूसोंनी लगेच आदितीला 'पुट ऑफ' पाठ करायला घातलंय.

निवडीचं काय झालं, हे मात्र घरात कुणी विचारलं नाही. त्यांनाच कशाला बोलायचं? तुमच्या मनात आत्ता जो प्रश्न आलाय, तोही फुटबॉलचा नाहीच. आपल्या पोराला किती अर्थ येतात, हा आहे. मारा की हाक. आतच असेल. बूट घालून दारात उभं असलं तर सांगा, पाचच मिनिटं.