तात्यांचा सिमेंटविना खुबा

सोमवार, १२ जानेवारी. हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत हजर: डॉक्टर, तात्या गवंडी, त्यांची शेजारीण म्हणून मी, आणि तांदळाच्या गोणीत अठरा वर्षांचे एक्स-रे.

तात्या रोज सकाळी स्वतःचा खुबा बोटाच्या पेराने ठोकून पाहतात. चिरा ठोकतात तसा. "भरीव हाय," म्हणतात आणि कामाला लागतात. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरही ठोकतात. बायका सरकून बसतात.

अठरा वर्षांपूर्वी खुबा बदलला तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "सिमेंट किती लागलं?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "खुब्याची नवी वाटी खरखरीत धातूची आहे. हाड तिच्यात वाढून तिला धरेल."

तात्यांनी जन्मभर सिमेंट-चुन्याविना नुसत्या चिऱ्यांचे गडगे, कुंपणाच्या भिंती, रचलेले. "म्हंजे गडगाच की!" ते असे ओरडले की नर्स धावत आली. तेव्हापासून दर एक्स-रेवर त्यांचा शेरा असतो. मागच्या वर्षी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झाक बसवलात. माज्याकडं कामाला या."

आज डॉक्टर हसले नाहीत.

"वाटी अजून पक्की आहे, तात्या. पण आतलं प्लास्टिकचं अस्तर झिजलंय, ते बदलायला हवं. थांबलात तर झिजेचे कण भोवतालचं हाड पोखरतील आणि चांगली वाटीही सुटेल."

"दुकत नाय तर कशाला?"

"दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे वजन उचलायचं नाही, एवढंच."

"मग नको." तात्यांनी एक्स-रे गोणीत भरले.

रिक्षात मी चिडले. "कसली वजनं उचलायचीत तुम्हाला? गवंडीकाम सुटून दहा वर्षं झाली!"

"तुज्या काकीला कोण उचलील?"

काकी म्हणजे तात्यांची बायको. त्यांना पक्षाघात होऊन चार वर्षं झाली. मी रोज डबा घेऊन जाते. काकी वेणी घालून खुर्चीत बसलेल्या असतात. त्या तिथवर येतात कशा, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"बाई ठेवू," मी म्हटलं.

"ठेवलीवती. न सांगता उचलायची. ही घाबरून रडायची. आदी सांगावं लागतं गो, मग पाठीखाली हात."

उतरताना ते रिक्षाचा दांडा धरून बराच वेळ उभे राहिले. खुबा ठोकला नाही.

घरी येऊन यादी केली. शस्त्रक्रियेची तारीख घेतली, तात्यांना न विचारता. रक्ततपासणी ठरवली. अलोरे गावातल्या त्यांच्या लेकीला फोन केला. ती पंधरा दिवस येईल. पुढचे चार आठवडे माझे.

माझे हात चालतील का, हे काकींना विचारायचं राहिलं आहे.