सगुणा खारीचे चिंचोके

एका जंगलात, बाळांनो, झाडं भरपूर होती आणि घरं महाग होती. असं कसं, ते आत्ता विचारू नका. मोठेपणी हप्ते भरायला लागलात की आपोआप कळेल.

त्या जंगलात सगुणा नावाची खार आणि तिचा नवरा दामू एका घुबडाच्या ढोलीत, वरच्या फटीत भाड्यानं राहत. घुबड रात्रभर जागायचं आणि दिवसा झोपायचं. म्हणून दिवसा आवाज करायचा नाही, ही त्याची पहिली अट होती. पिल्लं चालणार नाहीत, ही दुसरी. आता खार म्हटली की ती दिवसभर चिरचिरणारच. चिरचिर गिळून गिळून बिचारी सगुणा अर्धी झाली होती. आपली स्वतःची ढोली असावी आणि तिथे भर दुपारी पोटभर ओरडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

नव्या ढोल्या कोरून विकायचा धंदा सुतारपक्ष्याचा. भाव पाचशे चिंचोके.

नवरा-बायको कासवाकडे सल्ला घ्यायला गेले. कासवाला घर जन्मतःच पाठीवर मिळालं होतं. म्हणून घराच्या बाबतीत सगळं जंगल त्यालाच विचारायचं.

"घाई करू नका," कासव म्हणालं. "आधी पाचवा हिस्सा साठवा. मग बघू."

पाचवा हिस्सा म्हणजे शंभर चिंचोके. दोघं ओढ्यापलीकडच्या उघड्या माळावर एकेक चिंचोका पुरू लागले. सगळे एका जागी ठेवू नयेत, हेही कासवानंच सांगितलं होतं. शंभर झाले, तेव्हा कासव म्हणालं की अडीअडचणीला वेगळे हवेत. तेही झाले, तेव्हा त्यानं विचारलं की गवताच्या गादीचा खर्च धरलात का. तोवर ढोलीचा भाव हजारावर गेला होता. दोघं पुन्हा पुरायला लागले. अशी किती वर्षं गेली, ते मोजू नका. खारीला एवढं आयुष्य नसतं हे मलाही ठाऊक आहे, पण घर घ्यायचं म्हटलं की जगावंच लागतं.

मग सगुणाला दिवस गेले. घुबडानं एक डोळा उघडला आणि पंधरा दिवसांत जागा सोडायला सांगितलं. सगुणा रडली, तीसुद्धा आवाज न करता.

दोघं चिंचोके काढायला माळावर धावले. पण खारीच्या जातीला एक खोड आहे. काय पुरलं ते तिला आठवतं, कुठे पुरलं ते आठवत नाही. दिवसभर उकरून हाती आले अकरा. बाकीचे गेले कुठे, म्हणून सगुणानं मान वर केली. माळ आता माळ राहिलाच नव्हता. जिकडे तिकडे चिंचेची झाडं उभी होती. इतकी वर्षं दोघांनी मान खाली घालून बचत केली होती. वर पाहायला सवड कुणाला होती?

सगळ्यात मोठ्या झाडावर सुतारपक्षी एक कोरी करकरीत ढोली घेऊन गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला होता. त्यानं दीड हजार सांगितले. सगुणा म्हणाली की हे झाड आमच्याच चिंचोक्याचं आहे.

"असेल," सुतारपक्षी म्हणाला. "झाड तुमचं, ढोली माझी."

दामू निमूटपणे मागे वळला. सगुणा जागची हलली नाही. इतक्या वर्षांची गिळलेली चिरचिर तिच्या गळ्याशी आली होती.

"मग तुझी ढोली उचल आणि घेऊन जा," ती म्हणाली. "झाड तेवढं इथेच ठेव."

सुतारपक्ष्यानं ढोली आतून पाहिली, बाहेरून पाहिली. उचलायची कुठून, ते त्याला काही केल्या समजेना. शेवटी अकरा चिंचोक्यांवर सौदा ठरला.

सगुणाला चार पिल्लं झाली. चारही आईच्या वळणावर गेली. भर दुपारी ते झाड असं चिरचिरतं की वाटेवरचे ससे कान पाडून पळतात. सगुणाला फार सुख वाटतं.

एकदा कासव घर बघायला आलं. शेवटी किती साठवले होते, असं त्यानं विचारलं.

"आठवले त्यांची ढोली झाली," सगुणा म्हणाली, "आणि विसरले त्यांची झाडं."

कासवानं मान आत ओढली आणि आपल्या घरी गेलं. त्याला लांब जावं लागलं नाही.

तात्पर्य: पहिलं घर घेण्याआधी भरपूर बचत करावी आणि ती कुठे ठेवली, हे साफ विसरून जावं. सल्ला मात्र ज्याचं घर जन्मापासून पाठीवर आहे, त्याचाच घ्यावा. त्याला कधीच घाई नसते.