चोपडे मुक्कामी बोटीच्या ट्रेलराचा फैसला जाहला त्याची बखर

श्री ग्रामदेवता प्रसन्न, जिने या प्रकरणी तीन वेळा कौल दिला आणि तिन्ही वेळा आपलेच खरे केले. चोपडे गावचे समस्त लहानथोर, नदीवरचे, दुकानावरचे आणि तिठ्यावर विनाकारण बसणारे, यांचे सेवेसी. आपणांकडून वारंवार पुसणे होते की, राजश्री सगुणराव यांचे घरापुढील खळ्यातील बोटीचा ट्रेलर, जो वर्षातोन दोन वेळा सोडोन जागचा हलत नव्हता, तो लग्नाचे दिवशी आपले पायी चालोन कैसा गेला. कोणी म्हणतो गावराखण्या देवचाराने नेला, कोणी म्हणतो जावयाने पळविला. त्यास जे घडले ते येथे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही, घातले असल्यास ते शोभेपुरते.

सगुणराव हे पूर्वी सुर्ल्याचे खाणीवर टिपर हाकीत. मग खाणी बंद पडल्या आणि टिपर विकिला, आणि घर शापोरा नदीचे काठी होतेच म्हणोन एक फायबरची बोट घेतली, आणि मांद्र्यास उतरणाऱ्या पाहुण्यांस मगर दाखवितो म्हणोन न्यावे आणि ओंडका दाखवावा, ऐसा धंदा मांडिला, आणि त्यात बरकत जाहली. बोट नदीत राहे. पावसाळ्यापूर्वी ती वर चढवावी आणि नारळी पुनवेनंतर खाली सोडावी, या दोन मोहिमांकरिता दोन चाकांचा, मानेखाली टेकूचे लहानसे चाक असलेला, निळ्या रंगाचा, लोखंडी ट्रेलर करवोन घेतला. बाकी सारा काळ तो खळ्यात तैनात. तेथे त्याजवर काळी कोंबडी अंडी उबवी, दुधीचा वेल चढे, बांगडे सुकत, कोकमाची सोला सुकत, गाद्या उन्हे घेत. येणेप्रमाणे बोट सोडोन तमाम जिन्नस त्या ट्रेलराने वाहिले.

ऐसियात कन्या सेजलबाई यांचा विवाह सुर्ल्याचे चिरंजीव निहार यांजशी ठरला, आणि लग्नाचा माटव, म्हणजे मांडव, खळ्यातच घालावा लागणार, आणि खळ्यात ट्रेलर. खळ्याचा कुल अखत्यार सौभाग्यवती सुमंगलाबाई यांजकडे. त्यांनी सगुणराव चहा घेत असता भर बशीवर फर्मान काढिले :

"ह्यां लोखंड खळ्यात रवलां, तर माटव खंय घालूचो, तुमच्या तकलेर?"

ट्रेलर भंगारवाल्यास द्यावा, बोट पूर्वी वाड्यावरची माणसे ओंडक्यांवरोन ओढीत तैसी ओढावी, ऐसा हुकूम. सगुणरावांनी गुडघ्यांचे दुखणे पुढे केले. ते नामंजूर जाहले. मग माणसे ओढावयास आली म्हणजे त्यांस जेवण आणि काजूची उर्राक पाजणे येते, हा मुद्दा काढिला. तोही नामंजूर. मग बशी खाली ठेवोन म्हणाले की, "चेडू जातलां, ट्रेलरूय जातलो. मग ह्या खळ्यात मी एकटोच काय वाळत पडू?"

हे ऐकोन बाईसाहेब सोला उलटी करावयास गेल्या. परंतु हुकूम मागे घेतला नाही.

सेजलबाई यांनी तहाची तजवीज सुचविली की, "माटव नको आणि कटकट नको, आमी रजिस्टर करतो." त्यासरशी उभय पक्ष एक जाहले आणि मिळोन तिजवरच चालोन गेले, आणि तिचा पराभव करोन पुनः आपापल्या मोर्च्यावर परतले.

अशा समयी आपल्या मुलुखात माणूस वकिलाकडे जात नाही, देवळात जातो. देवीचे मूर्तीस उजवीडावीकडे ओल्या कळ्या चिकटवाव्या, गुरवाने गाऱ्हाणे घालावे. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगुणराव सकाळीच कोणास न सांगता गेले आणि पुसिले की ट्रेलर ठेवावा काय. उजवी पडली. ते नदीचे वाटेने परतत आहेत तो सुमंगलाबाई शेतवाटेने पोहोचल्या आणि पुसिले की ट्रेलर खळ्यातोन घालवावा काय. पुनः उजवीच पडली. गुरव कृष्णनाथ याने दोन्ही सवाल आपल्या तोंडाने घातले, परंतु एकाचे गाऱ्हाणे दुसऱ्यास सांगू नये हा देवळाचा कायदा, सबब तो नारळ फोडोन गप्प राहिला.

मग दुपारी घरी देव विरुद्ध देव ऐसा रणसंग्राम माजला. ती म्हणे माझी उजवी, हा म्हणे माझीही उजवी, आणि शेवटी दोघेही गुरवावर चालोन गेले की तू लाच खाल्लीस. कृष्णनाथ जेवत होता. तो जेवता जेवता म्हणाला, "देवीक जां विचारलां, तां तिणे सांगलां. एका घरचे दोन सवाल कित्याक? जोडीन येवा."

दुसरे दिवशी जोडीने गेले. कळ्या लागल्या, गाऱ्हाणे पडले, आणि कळी हलेना. उजवी नाही, डावी नाही. नवराबायकोच्या भांडणात पडू नये ऐसा देवीचा मनसुबा दिसला. मागे लोकांची रांग वाढली. त्यात एकास बोअरिंग कोठे मारावी हे पुसावयाचे होते, तो मोठ्याने खोकू लागला. इतक्यात देवीचे मुगुटावरील जास्वंदीचे फूल आपसूक सुटले आणि घरंगळत चौकाच्या मधोमध येऊन थांबले. कृष्णनाथाने ते पाहिले आणि निकाल दिला, "मधी म्हणजे मधी. आता घराक जावा." उभयता नमस्कारास वाकली. दोघे वाकली असता फूल पुनः हलले आणि उंबऱ्याबाहेर गेले. परंतु ही पुढील हालचाल त्या दोघांनी पाहिली नाही, आणि गुरव तोवर बोअरिंगवाल्याकडे वळला होता. येथेच पुढील अनर्थाचे बीज पडले.

घरी येऊन मसलत बसली आणि अर्थ लागला. ट्रेलर खळ्याच्या मधोमध ठेवावा, त्याभोवती माटव घालावा, आणि वधूवरांचे सिंहासन त्याजवरच मांडावे. माटववाले दत्ताराम यांनी आधी कपाळास हात लाविला, मग ट्रेलरावर फळ्या, फळ्यांवर गालिचा, गालिच्यावर सोफा आणि भोवती केळीचे खांब ऐसा सरंजाम उभा केला. कोंबडीस अंड्यांसह सन्मानाने गोठ्यात रवाना केले. खळ्यास रस्त्याकडे उतार, म्हणोन सगुणरावांनी स्वहस्ते दोन्ही चाकांस चिरे लाविले.

विवाह यथासांग जाहला. मग वधूवर सिंहासनी बसली आणि फोटोचे पर्व सुरू जाहले. तिकडे खतखत्याच्या भाजीचा मोठा टोप चुलीवर डगमगतो आहे हे सुमंगलाबाईंच्या दृष्टीस आले. टोपाखाली देण्यास त्यांनी आसपास नजर फिरविली, एक चांगला चौकोनी चिरा दिसला, तो उचलिला, आणि टोपास लाविला. टोप स्थिर जाहला. ट्रेलर जाहला नाही. दुसऱ्या चिऱ्याने क्षणभर एकाकी झुंज दिली आणि मग तोही बाजूस सरला.

सिंहासन चालू लागले. गोगलगायीच्या चालीने, परंतु ठाम. पाहुण्यांस वाटले हा कार्यक्रमच आहे, त्यांनी टाळ्या वाजविल्या, आणि ताशेवाले वरात निघाली समजोन मागे लागले. सगुणराव सोबत धावत होते आणि जुने टिपरवाले असल्याने ओरडत होते की, "उजवेक काप, उजवेक काप."

"बाबा, ब्रेक खंय आसा?" सेजलबाई यांनी सोफ्यावरोन पुसिले.

"ब्रेक ना गे."

"मग आधी सांगूचां न्हय?"

जावई निहार यांनी या प्रसंगी डोक्यावरचा फेटा धरिला आणि दुसरे काहीही केले नाही. ट्रेलर माटवातोन निघाला, खळे ओलांडिले, रस्त्यास लागला, तेथे वरपक्षाची पिकअप उभी होती, तिच्या मागील आकड्यास ट्रेलराची मान जाऊन भिडली, खट् ऐसा आवाज जाहला आणि सर्व थांबले. कोणास खरचटलेही नाही.

मग विहीणबाई विमलाबाई पुढे जाहल्या आणि बाहेर पडलेले माघारी नेऊ नये ऐसे शास्त्र सांगितले, "नवरी भायर पडली, ती आता फाटी न्हेवची न्हय. आणि जेच्यार बसली, तांय फाटी न्हेवचां न्हय."

"विहीणबाय, ती बोटीची गाडी," सगुणराव म्हणाले. "तुमच्या सुर्ल्याक दर्या खंय आसा?"

"दर्या ना. जागा आसा."

ऐसे शास्त्र कोठे लिहिले आहे हे कोणी पुसिले नाही, कारण त्या वरपक्षाच्या. पंगत रस्त्यावरच ट्रेलराभोवती बसली, खतखते वाढले, आणि संध्याकाळी कन्या आणि ट्रेलर एकाच गाडीने सुर्ल्यास रवाना जाहले. सगुणराव वळणापर्यंत पाहत राहिले. कोणासाठी डोळे पुसले हे त्यांनी सांगितले नाही.

खळे मोकळे जाहले. सुमंगलाबाईंनी जिंकलेल्या मुलुखात सोला पसरली, परंतु ट्रेलर जेथे उभा असे तेवढी जागा का कोण जाणे मोकळी सोडली. कोंबडी दररोज तेथे येऊन उभी राही.

मग पावसाचा मिरग जवळ आला आणि बोट वर काढणे प्राप्त जाहले. सुर्ल्यास फोन गेला. निहार पिकअप घेऊन आले, मागे ट्रेलर, पुढे शेजारी सेजलबाई. बोट वर आली आणि कन्या आठवडाभर राहिली आणि मग ट्रेलरासह गेली. ती जाताच सुमंगलाबाई, ज्यांनी जन्मात बोटीस हात लाविला नव्हता, बोटीभोवती फेरी मारू लागल्या आणि म्हणाल्या की, "बोट सुकान तडकतली, जरा पाण्यात घालून पळयाया." ट्रेलर आला, बोट नदीत गेली, कन्या राहिली. ती परतताच म्हणाल्या की, "भर पावसात बोट न्हंयत कोण दवरता?" ट्रेलर आला. येणेप्रमाणे जो ट्रेलर घरी असता वर्षात दोन वेळा हलत असे, तो घरी नसता पंधरवड्यास येऊ लागला. बोटीचे बूड झिजले. सगुणरावांनी एक अक्षर विरोध केला नाही.

सबब फत्तेची नोंद ऐशी : सगुणरावांचा ट्रेलर घराण्यात राहिला, सुमंगलाबाईंच्या खळ्यातोन तो गेला, देवीचे दोन्ही कौल खरे जाहले, आणि फूल उंबऱ्याबाहेर का गेले हेही, ज्यांनी रांगेतोन ते पाहिले होते, त्यांस उमगले. मोहीम संपली. परवाच सुर्ल्यास नवा हुकूम गेला आहे की बोटीस बुरशी दिसते, ट्रेलर ताबडतोब पाठवावा, आणि रिकामा येता कामा नये.