इंजिनाचं उजवं झाकण

तुम्हाला म्हणून सांगतो, लोखंड असो, पितळ असो की ॲल्युमिनियम, मला हाताळता येणार नाही असा धातू अजून जन्माला यायचाय! निदान गेल्या मंगळवारपर्यंत माझं असं ठाम मत होतं.

सासऱ्यांची जुनी मोटरसायकल मी दोन महिने खपून नवी करत आणली होती. रविवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. लग्नानंतर सासूबाईंना ज्या गाडीवरून हिंडवलं, तिच्यावरूनच दोघांनी गावभर फेरी मारायची, असा त्यांचा हट्ट! "जावईबापू, सगळं तुमच्या भरवशावर आहे बरं का!" असं ते रोज फोनवर बजावत. ज्या माणसानं मला कधी बल्ब बदलू दिला नाही, त्यानं गाडी सोपवली होती!

राहिलं होतं फक्त इंजिनाचं उजवं झाकण. त्यावर वर्षानुवर्षांचं तेल चिकटलेलं. घासत कोण बसणार? घरात तुंबलेल्या मोरीत टाकायची पावडर होती. मोरी साफ करते, तर तेलाची काय बिशाद! बादलीभर पाण्यात अर्धा डबा ओतला, झाकण बुडवलं आणि ऐटीत चहा प्यायला गेलो.

परत येतो तर बादली उकळतेय! तीही चुलीवर न ठेवता! चिमट्यानं झाकण बाहेर काढलं. करपलेल्या तव्यासारखं काळं, वर बारीक बारीक खड्डे.

तसाच पॉलिशवाल्याकडे धावलो. त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"मोरीची पावडर?"

"जराशीच होती हो."

"साहेब, ती ॲल्युमिनियम खाते!"

"तुम्ही करून द्याल?"

"सोमवारपर्यंत मान वर करायला वेळ नाही. वॉटर पेपर घ्या. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. पाण्यात घासत बसा. आणि घरी बोलू नका."

झालं! तीन दिवस मी बाथरूममध्ये. नळ चालू, आतून खर्र खर्र.

"अहो, किती वेळ?" बायको बाहेरून विचारी.

"आलोच!" मी आतून कण्हत सांगे. खांदे भरून आले होते ना!

तिसऱ्या दिवशी तिनं दाराखालून औषधाची गोळी आत सरकवली, आणि आईला फोन लावला. "यांचं पोट पार बिघडलंय गं! आवाज तर असले येतायत, की ऐकवत नाहीत!"

तासाभरात सासू-सासरे दारात हजर!

"जावईबापू, कडी काढा, नाहीतर दार तोडतो!"

काढली. कोपरापर्यंत काळे हात, मांडीवर झाकण.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हणालो. खरंच रडू यायच्या बेतात होतो.

सासऱ्यांनी माझ्या बायकोला चहा टाकायला पिटाळलं, आत आले आणि पालथ्या बादलीवर बसले. झाकण उजेडात फिरवून पाहिलं.

"मोरीची पावडर?"

"हो."

"अहो, मग एवढं काय मनाला लावून घेता? डावं झाकण मीच घालवलंय की! अगदी अस्संच! वरून चंदेरी रंग फासला. कुणाला पत्ता नाही!"

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! पण दारात सासूबाई उभ्या होत्या.

"तुम्ही घालवलंत?" त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

"म्हणजे, तसं नव्हे..."

"मी साबणानं धुतलं म्हणून गेलं, असं सांगितलंत ना मला? चाळीस वर्षं त्या गाडीला फडकं लावलं नाही मी! येईल त्या पाहुण्याला सांगायचात, हिनं माझी गाडी घालवली म्हणून!"

सासरे माझ्याकडे बघायला लागले. मी झाकणाकडे.

रविवारी उजवं झाकण असं चमकत होतं, की त्यात बघून दाढी करावी! गाडी पहिल्या किकला सुरू झाली. सासूबाई बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, खाली उतरायचं नाव नाही. दोनदा हॉर्न वाजवला, तर त्यांनी पेपर उघडला.

पण फेरी झाली बरं का, ठरल्याप्रमाणे गावभर! लोकांनी हात केले, टाळ्या वाजवल्या. पुढे कडक इस्त्रीच्या शर्टात सासरे, आणि मागे, त्यांच्या कमरेला घट्ट धरून, मी.