ताप आलेली मशीन

आमच्या नवा रायपूरच्या ऑफिसात कुणाचा कॉम्प्युटर घरघरायला लागला की देवघरेकाका कामं टाकून उठत आणि सीपीयूवर तळहात ठेवत, पोराच्या तापल्या कपाळावर ठेवावा तसा. मग निदान होई. "ताप आहे हिले. किती टॅब उघडून ठेवले बे? बंद कर, मशीन मरून राहिली!"

ऑफिसातले पोट्टे हसत. "काका, ब्राउझर खुद बता देता है."

खरंच, हल्ली जड पानाची सूचना कोपऱ्यात आपसूक येते. काकांचा त्या सूचनेवर दात होता. तिच्याआधी पोचायचं म्हणून ते तरातरा चालत, आणि पोचले की मिशीत हसत. मला तर वाटे, जुन्या रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यातून रोज बसनं ते तेवढ्यासाठीच येतात.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त ताप काकांच्याच मशीनला. ती ते कधी बंदच करत नसत. 'हे पान फार मेमरी खात आहे' ही सूचना तिथं कायमची मुक्कामाला.

"खाऊ दे," म्हणत काका आपला डबा उघडत.

एकदा मी डोकावले. व्हिडिओ कॉलचं पान होतं. त्यात काका एकटेच, समोर स्वतः लाटलेल्या वेड्यावाकड्या पोळ्या. बाजूला एक ओळ: "जेवले काय?"

काकू शेवटच्या आजारपणात नागपूरला भावाकडे होत्या. आवाज गेला होता, म्हणून रोज दुपारी कॉलवर लिहून हेच विचारत. शेवटच्या दिवशी ही ओळ आली तेव्हा काका कुणाचे तरी टॅब बंद करायला उठले होते. परतले तर काकू कॉलवर नव्हत्या. संध्याकाळी त्या गेल्याचा फोन आला. आता पान बंद केलं की ती ओळही जाणार होती.

"फोटो काढून देते, काका."

"फोटोले जवाब देता येते काय, बेटा?"

"मग द्या ना जवाब."

"एकदा देल्ला म्हणजे झालं. मंग ती काहून विचारन?"

मी हातातला फोन परत पर्समध्ये ठेवला.

गेल्या महिन्यात नवे कॉम्प्युटर आले. जुने नेणारे सकाळीच दारात उभे. काकांनी चष्मा पुसला आणि एका बोटानं लिहिलं, "हव, जेवलो." मशीनवर हात ठेवला. पान बंद केलं. घरघर हळूहळू थांबली.

मग त्यांनी डबा पुढं ओढला. आम्हा सगळ्यांचा सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता.

"काका, एवढ्यात?"

"तिले जेवलो म्हणून सांगून बसलो ना," ते म्हणाले, आणि रडत रडत भराभर जेवू लागले.