आमच्या फ्रीजरमधला सत्तारभाईंचा डबा

आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेला जागा नाही, कारण तिथे सत्तारभाईंचे डबे असतात. दूध पावडरचे, रंगाचे, रसगुल्ल्याचे. चंद्रपूरच्या मे महिन्यात पाहुण्यांना कोमट सरबत पाजणारं आमचं एकमेव घर असावं.

सत्तारभाई समोरच राहतात. पूर्वी पत्र्याच्या पेट्या आणि बादल्या करायचे. तो धंदा प्लास्टिकनं बुडवला, तेव्हापासून रिकाम्या डब्यांचे अंगणात टांगायचे कंदील करतात. डब्यात पाणी भरायचं, वर नक्षीचा कागद चिकटवायचा, डबा गोठवायचा आणि खिळ्यानं भोकं पाडायची. आत बर्फ असला की पत्रा चेपत नाही. "बर्फ डब्याले अंदरून धरून ठेवते, भाऊ," हे ते मला दर आठवड्याला नव्यानं समजावतात.

रिकाम्या डब्यापुढे त्यांना लाजलज्जा नाही. पलीकडच्या गल्लीत बारशाला गेले, बाळाच्या मुठीत नोट ठेवली आणि आईला विचारलं, हा वरचं दूध पिते काय? ती नाही म्हणाली, तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला की तिच्या सासूनं घाईघाईनं तुपाचा डबा रिकामा करून दिला.

नक्षी मात्र त्यांच्या बायकोची, नजमाभाभींची. भाभी मोहल्ल्यातल्या लग्नांत मेंदी काढायच्या. तीच वेलबुट्टी त्या कागदावर स्केचपेननं उतरवत. खिळा बसला की कागद फाटायचा, म्हणून एका नक्षीचा एकच कंदील. मी एकदा झेरॉक्स काढायचं सुचवलं, तर सत्तारभाई दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भाभी हसून म्हणाल्या, "फाडू द्या ना, भाऊ. मी कुठी चालली? दुसरी काढून देतो म्हणा."

त्याच वर्षी दिवाळीच्या आत भाभी गेल्या. ताप आला काय आणि आठ दिवसांत सगळं संपलं काय.

शेवटचा कागद त्यांनी स्वतः खळ लावून डब्यावर चिकटवला होता आणि डबा आमच्याकडे गोठवायला आणून ठेवला होता. तो सत्तारभाईंनी नेलाच नाही. ठोकला तर कागद फाटणार, आणि भाभींच्या हातची दुसरी नक्षी उरली नव्हती. दीड वर्ष ते रोज सकाळी यायचे, फ्रीजर उघडून बघायचे, "राहू द्या अजून" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. फोटो काढून ठेवा म्हटलं, तर म्हणाले, फोटोवर खिळा चालत नाई. माझी बायको सुमन फ्रीज पुसताना तो डबा बर्फाच्या पातेल्यात ठेवायची. एवढी काळजी तिनं माझी कधी घेतली नाही.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी मोहल्ल्याची डीपी जळली. सगळ्या मुलखाला वीज पुरवणारं आमचं गाव, आणि लाइट संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणे. सुमननं मला बर्फ आणायला पिटाळलं. दुकानात बर्फाचा खडा नव्हता. परत आलो तर सत्तारभाई डबा हातात घेऊन उभे. कागद भिजला होता आणि एका कोपऱ्यात शाई पसरायला लागली होती.

त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "मिटून जाते आता," ते म्हणाले. "धरा, भाऊ. ठोकतो."

आमच्याच ओसरीवर पोतं टाकून बसले. मी डबा धरला. कागदाच्या चिंध्या होत गेल्या आणि बर्फाचं पाणी भोकांतून त्यांच्या पायजम्यावर सांडत राहिलं. शेवटचं भोक पाडून ते रडले. मलाही आवरलं नाही. चिंध्या गोळा करून त्यांनी खिशात घातल्या.

तो कंदील आता त्यांच्या दाराशी आहे. पण त्यानंतर आठ दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. फ्रीजरमध्ये ट्रे मावला, आम्हाला बर्फ मिळायला लागला, आणि थंडगार सरबत मात्र घशाखाली उतरेना.

नवव्या दिवशी सकाळी आले, हातात डबा. पाणी भरलेला, वर नीट चिकटवलेला कागद. कोरा. नक्षी कुठे आहे, मी विचारलं.

"नाई ना," ते म्हणाले. "तुमच्या घरी आपलं काही ठेवलं असलं, का सकाळी यायले बरं वाटते."

सुमननं बर्फाचा ट्रे बाहेर काढला आणि चहाचं आधण ठेवलं.